मजुरी बाकी असताना मत्तयाचा विसावा अध्याय कसा वाचू?

पत्र

आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. पांढरकवडा तालुक्यातल्या एका खेड्यात मी शाळेत शिकवते. आमच्या मंडळीत पंचवीस-तीस घरं आहेत. आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावं, म्हणून महिन्यातला एकच रविवार ते आमच्याकडे येतात. दसऱ्यानंतरचे चार रविवार उपदेश मी करावा असं त्यांनी सांगितलं आणि शास्त्रपाठही लावून दिले. पहिलाच पाठ मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातले कामकरी; दिवसभर राबलेल्याला आणि तासभर काम केलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, तो येशूचा दृष्टांत. दुसरा हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय. आमचं सहा एकर वावर. चार एकर सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, गंजी लावली आणि परतीच्या पावसानं ती भिजली, शेंगांना कोंब फुटले. सोंगणी करणाऱ्या सातही बाया आमच्याच मंडळीतल्या. त्यांचे १४,००० रुपये द्यायचे राहिले आहेत. हे म्हणतात, माल विकला की देऊ. त्या सातजणी समोर बसलेल्या असताना मी हा पाठ कसा वाचू? त्याऐवजी लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी घ्यावेत आणि कृतज्ञतेवर बोलावं असं मनात आहे. मोबाइलवर शरद ऋतूचे तयार उपदेशही मिळाले आहेत. आणि यंदा हंगामाचा सण ठेवावा का? लोकांकडे आणायलाच काही नाही.
एक बहीण

उत्तर

ताई, सलाम.

तुमचा रविवार तोंडावर आला आहे, म्हणून आधी तेवढ्यापुरतं सांगतो. पाठ बदलू नका. शनिवारी दिवस मावळायच्या आत त्या सातजणींच्या हातात पैसे ठेवा. सगळे जमत नसतील तर निम्मे द्या, उरलेल्यांची तारीख प्रत्येकीला घरी जाऊन सांगा. आणि रविवारी मत्तयाचा विसावा अध्याय उघडा.

तुमच्या घरातली ओढाताण मला कळते. भिजलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला की आतून गरम वाफ लागते आणि तो आंबूस वास दोन दिवस बोटांना राहतो. वरची ताडपत्री काढून शेंग फोडावी तर दाणा काळा पडलेला आणि त्याला पांढरा कोंब. जूनपासून ज्यानं त्या चार एकरांत जीव ओतला, त्याला 'आधी मजुरी द्या' म्हणणं सोपं नाही. तुमचे यजमान वाईट माणूस आहेत असं मी क्षणभरही मानत नाही. माल वाळवू, चाळून विकू, मग सगळ्यांचं एकदम चुकतं करू, हा हिशेब आपल्याकडे घरोघरी चालतो. बायाही ऐकून घेतात. पण ऐकून घेतात याचा अर्थ त्यांचं भागतं असा होत नाही. तुमच्या आकड्यांप्रमाणे एकीच्या वाट्याला २,००० रुपये येतात. त्यांत किराण्याची उधारी आहे, पोराची वही आहे, कुणाच्या सासूची गोळी आहे. तुमची गंजी भिजली तेव्हा त्यांचं पुढचं कामही भिजलं, हे विसरू नका. ज्या वावरात सोंगायला काही उरलं नाही तिथे त्यांना कोण बोलावणार?

मी हे स्वतःच्या चुकीवरून सांगतो. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. त्याआधी काही वर्षं मी तिथे शिकलो आणि पहिल्या नेमणुकीच्या गावी याच पाठावर उपदेश केला. देवाची कृपा, शेवटला तो पहिला, सगळं नीट मांडलं. लोकांनी माना डोलावल्या. बाहेर चपला घालत होतो तर एक बाई जवळ आली. म्हणाली, "साहेब, वचन तं चांगलं सांगतलं तुमी. पण आमचे पैसे कवा भेटतीन?" तिची आणि तिच्या लेकीची तीन आठवड्यांची निंदणाची मजुरी मंडळीतल्याच एका वजनदार घराकडे अडकली होती. मला ते माहीत होतं. मी म्हणालो, प्रार्थना करू. ती काही बोलली नाही, पदर सावरून निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या घराच्या ओसरीवर जाऊन दोन शब्द बोलणं माझ्या हातात होतं. मी गेलो नाही. पस्तीस-चाळीस वर्षं होऊन गेली, पण मत्तय वीस उघडला की आधी तिचा चेहरा समोर येतो.

आता पाठाकडे वळू. मोबाइलवरचे ते तयार उपदेश बाजूला ठेवा. त्यांत पानं पिवळी होऊन गळतात, झाडं ओकीबोकी होतात आणि त्यावरून माणसाच्या आयुष्याची संध्याकाळ सांगितलेली असते. ज्या देशांत ऑक्टोबरात पानगळ होते तिथे ते खरंच आहे. आपल्याकडे या दिवसांत सागवान हिरवागार उभा असतो, त्याची पानगळ माघ-फाल्गुनातली. आश्विनात आपल्याकडे ऊन चटकतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर जाते आणि पहिली बोंडं फुटायला लागतात. तुमच्या बायांना गळत्या पानांतून काही कळणार नाही.

त्यापेक्षा येशूच्या मुलखातला शरद सांगा. तिथला पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा कोरडा ठाक. सातूची कापणी एप्रिलच्या सुमाराला, गव्हाची मे-जूनमध्ये. द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात, मग जैतून. आणि त्यानंतर पहिला पाऊस पडला की नांगर निघतो, पेरणी होते. आपल्या मराठी बायबलात आगोटीचा आणि वळवाचा पाऊस असे शब्द येतात. आपला माणूस आगोट म्हटलं की मृग समजतो. तिथली आगोट मात्र आपला परतीचा पाऊस पडतो त्याच आठवड्यांत येते. हे एकदा नीट सांगा, पुष्कळ वचनं उघडतील. स्तोत्र १२६ मध्ये रडत पेरणारा माणूस आहे, तो याच दिवसांत बी घेऊन निघालेला आहे. घरात खायला उरलेलं धान्यच तो मातीत टाकतो. दुबार पेरणी केलेल्या माणसाला ते रडणं समजावून सांगावं लागत नाही.

हे डोक्यात ठेवून द्राक्षमळ्याचा दृष्टांत वाचा. पिकलेली द्राक्षं वेलीवर फार दिवस थांबत नाहीत आणि पहिला पाऊस डोक्यावर आहे. मळ्याच्या मालकाची धावपळ तुमच्या गावाला नवी नाही. ढग दिसला की सोंगणीला माणसं मिळवण्यासाठी रात्री दहाला कोण कुणाच्या दारात उभं राहतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहते. या मालकाकडे कारभारी आहे, आठव्या वचनात तो दिसतो. असं असून मालक स्वतः चौकात जातो, एकदा नाही, पाच वेळा. पहाटे, तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि शेवटी अकराव्या, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना. तेव्हाही तिथे माणसं उभी आहेत. का उभी, असं तो विचारतो. ती म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही.

इथे थांबा. दिवसभर उभं राहून कुणीच न नेलेली माणसं कोण असतील? शास्त्र सांगत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी मजुरांच्या नाक्यावर सकाळी अकराला जाऊन बघा, कोण उरलेलं असतं. म्हातारा, हात मोडून नीट न जुळलेला, कडेवर लेकरू असलेली बाई. मंडळीला विचारा, त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या. उपासनेत प्रश्न विचारायची आपल्याकडे सवय नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ते साधेल.

मग संध्याकाळ होते आणि मालक कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलाव, मजुरी दे. आपण हे वाक्य पटकन ओलांडून पुढच्या वादाकडे जातो. मीही तेच केलं होतं. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४:१४-१५ मध्ये, नियम आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, तो आपला भाऊबंद असो की परका, कारण त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे राहू देऊ नये. येशूचे ऐकणारे हे नियम जाणत होते. दृष्टांतातला मालक पुढे जे औदार्य दाखवतो ते या जमिनीवर उभं राहून. आधी देणं चुकतं, मग कृपा. दिनार ही तेव्हा मजुराची एका दिवसाची नेहमीची मजुरी, म्हणजे घरात त्या रात्री चूल पेटेल एवढी. तासभर काम केलेल्यालाही पूर्ण दिनार मिळाला, कारण त्याच्या घरीही चूल एकच होती.

आणखी एक. पैसे शेवटल्यांपासून वाटले. पहिल्यांना आधी दिले असते तर ते आनंदानं घरी गेले असते, त्यांना काही कळलंही नसतं. मालकानं त्यांना मुद्दाम बघायला लावलं. त्यांची कुरकुर हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी दिवसाचं ऊन खाल्लं होतं, आणि ऑक्टोबरचं ऊन सोसलेल्या माणसाचा राग खरा असतो. एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? त्याला दिलेल्या उत्तरातूनच ही गोष्ट निघते. म्हणून ती ऐकताना तुमच्या मंडळीतल्या जुन्या घरांनी आपल्याला पेत्राच्या जागी बघावं. या दृष्टांतातून सगळ्यांना सारखी मजुरी असा कायदा मात्र काढू नका, ही गोष्ट स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे.

यजमानांशी कसं बोलायचं? त्यांना उपदेश करू नका. रात्री जेवणं झाल्यावर बायबल उघडून याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. आधी सातवं वचन वाचा, त्यात पावसाची वाट बघत धीर धरणारा शेतकरी आहे. ते त्यांचंच चित्र आहे, त्यांना ते ऐकायला मिळालं पाहिजे. मग बोट तीन वचनं वर न्या. चौथ्या वचनात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. थकलेला शेतकरी आणि न मिळालेली मजुरी याकोबानं एकाच पानावर ठेवली. तिथे जे लोक दटावले आहेत ते गडगंज श्रीमंत, तुमच्या यजमानांसारखे पिचलेले नव्हेत, हेही त्यांना सांगा. त्यांना श्रीमंतांच्या रांगेत उभं करू नका, ते खोटं होईल. पण ओरड कुणाच्याही वावरातून निघाली तरी ती त्याच कानी जाते. एवढं वाचून पुस्तक मिटा. तुमचा पगार आहे, त्यातून काही काढता येईल का ते तुम्ही दोघं बघा. सोसायटीचा हप्ता, दुकानदाराचं खत-बियाण्याचं बिल, यांत कुणाला थांबवता येतं आणि कुणाला नाही, याचा विचार करा. दुकानदाराला थांबवणं कठीण जातं, तो दारात येतो. त्या सातजणी येणार नाहीत, म्हणूनच त्या मागे राहतात.

आणि शनिवारपर्यंत काहीच जमलं नाही तर? मग पाठ तुम्ही वाचा, पण त्यावर बोलू नका. वाचून झाल्यावर मिनिटभर शांत उभ्या राहा आणि पुढचं गीत सांगा. पुलपिटवरून घरातली गोष्ट काढू नका, यजमानांचा त्यात अपमान आहे. त्या बायांना मात्र उपासनेआधी भेटा.

दहा कुष्ठरोग्यांच्या पाठाबद्दल. तुम्हाला तो निरुपद्रवी वाटला, पण यंदा तो फार लागेल. बरे झालेल्या दहांतला एकच आभार मानायला परतला, तेव्हाचा 'नऊ जण कुठे आहेत' हा येशूचा प्रश्न ज्याचं पीक गेलं त्याच्यासमोर टाकला की ती दटावणी होते: तुम्हीच कृतघ्न. शिवाय आपल्या विदर्भात या पाठाला आणखी एक जपणूक लागते. आनंदवन, अमरावतीचं तपोवन, कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय, या ठिकाणांहून बरी होऊन गेलेली माणसं आणि त्यांची नातवंडं आपल्या मंडळ्यांत बसतात. ती सगळीच तसं सांगत नाहीत. बायबलात ज्याला कोड किंवा कुष्ठ म्हटलं आहे त्यात कातडीचे अनेक आजार येतात, आजचा औषधानं पूर्ण बरा होणारा कुष्ठरोग म्हणजे तोच असं नाही. हा पाठ पुढे कधीतरी घ्या, चांगल्या वर्षी.

हबक्कूकाचा तिसरा अध्याय मात्र याच वर्षी वाचायचा. सतराव्या वचनात तो एकेक नुकसान मोजतो: अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेतातलं धान्य, वाड्यातली मेंढरं, गोठ्यातली गुरं. सहा वेळा 'नाही' म्हटल्यावर अठराव्या वचनात 'तरी' येतो: तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपल्या उपदेशकांना त्या 'तरी'ची फार घाई असते. तुम्ही ती करू नका. सतरावं वचन वाचल्यावर लोकांना आपापलं नुकसान जागेवरून बोलू द्या. सोयाबीन गेलं. पऱ्हाटीला बोंडअळी लागली. बैल मेला. तूर पाण्यात जळाली. कुणी रडलं तर रडू द्या. मग तेरावं स्तोत्र वाचा, त्यात दाविद देवालाच विचारतो की किती काळ मला विसरणार. शास्त्रानं हे प्रश्न पुसून टाकले नाहीत, तर मंडळीनं का गिळावेत? 'तरी' हे हबक्कूकाचं स्वतःचं बोलणं आहे, ते दुसऱ्याच्या तोंडी कोंबता येत नाही. तुम्हाला स्वतःला ते म्हणता येत असेल तरच म्हणा.

त्या दिवशी जो माणूस आला नसेल, किंवा येऊन कुणाशी न बोलता निघून गेला असेल, त्याच्या घरी संध्याकाळी जा. यवतमाळ जिल्ह्यात कशासाठी सांगतो ते तुम्हाला कळतं. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे तिथल्यांसमोर 'विश्वास कमी पडला' असं वाक्य कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आधाराची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक उपासनेच्या सूचनांमध्ये सांगा, फलकावर लिहा.

आता हंगामाचा सण. ठेवा. पण लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव यंदा नको. तुम्हाला ठाऊक आहे, चांगल्या वर्षी एका अंड्यावर पाचशेची बोली लागते, सगळे हसतात, मंडळीला पैसे मिळतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. यंदा त्या बोलीत कोण मोठं आणि कोण गप्प हे फार उघडं दिसेल. एका वाईट वर्षी एक आजी पदरात अंबाडीची भाजी घेऊन आलेली मी पाहिली आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवलेली, कोवळी, लाल देठांची. वेदीजवळ ठेवताना ती म्हणाली, "यंदा वावरानं नाही देल्लं, धुऱ्यानं देल्लं." आम्ही त्या भाजीचा लिलाव केला नाही. मंडळीनं मिळून भाकरी केल्या आणि ती भाजी शिजवून खाल्ली. प्रत्येकाला घासभरच आली.

सणासाठी अनुवाद १६:१३-१५ घ्या, मंडपांचा सण. हाही शरदातलाच सण, खळं आणि द्राक्षकुंड आवरल्यावरचा. त्यात आनंद कुणाकुणाबरोबर करायचा याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परदेशी, अनाथ, विधवा. लेवीय २३ मध्ये सात दिवस मांडवात राहायला सांगितलं आहे, आपले पूर्वज मिसरातून निघाल्यावर असेच राहिले याची आठवण म्हणून. आपल्या लोकांना तो मांडव समजवायला परदेशी चित्र लागत नाही. रोही आणि रानडुकरांच्या भीतीनं जे रात्रभर जागलीला माळ्यावर बसतात त्यांना पऱ्हाटीच्या काड्या आणि पळसाच्या पानांचं छप्पर माहीत आहे, त्यातून दिसणारं आभाळही. चर्चच्या अंगणात असा एक मांडव घाला, पोरं हौसेनं घालतील. उपासना त्याच्याखाली करा आणि संध्याकाळी सातला ठेवा, म्हणजे वेचणीला गेलेल्या बाया हातपाय धुऊन येऊ शकतील. रविवारची सकाळची वेळ ठेवली तर नेमक्या त्याच यायच्या राहतील.

शेवटी पहिल्या रविवारचं थोडं राहिलं. मत्तयाचा पाठ तुम्ही स्वतः वाचण्याऐवजी त्या सातजणींपैकी जिला वाचता येतं तिला द्या. शनिवारी पैसे द्यायला जाल तेव्हाच विचारा, म्हणजे तिला रात्री एकदा वाचून बघता येईल. मोठ्या अक्षरांचं बायबल सोबत न्या. आणि पैसे आधी द्या, मग बायबल.